डावीकडून तिसरी

माय, तुझा एक फोटो सापडलाय. तू गेलीस तेव्हा माझ्याकडे तुझा एकही फोटो नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो असावा असं मला फारसं वाटतही नव्हतं. आमच्या घरी भिंतीवर सासूबाई आहेत, सासरे आहेत, काही वर्षांपासून तुझे जावईही आहेत. तिघांनाही वर्षाला नवे हार चढतात. तू नाहीस. कुणी विचारलंच तर मी म्हणते, त्या काळी गरिबाघरी कुठे असायचे फोटो, आणि लोकांना ते लगेच पटतं. पण फोटो होता. संस्थेच्या जुन्या कपाटात, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली तो इतकी वर्षं पडून होता. परवा तिथली एक पोरगी तो मोठा करून, पुठ्ठ्याच्या नळीत घालून, वसमतच्या बसनं हिंगोलीला माझ्या घरी घेऊन आली. मी चहा केला. तिनं बिस्किटं बाजूला सारली, टेबलावर फोटो पसरला, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर कपबश्या ठेवल्या, आणि तू माझ्याकडे बघायला लागलीस.

तुला आता ती संस्था ओळखू येणार नाही. रगतपिती, म्हणजे कुष्ठरोग, झालेल्या माणसाला गाव बाहेर काढायचं तेव्हा कुणी भल्या लोकांनी वसमतच्या वाटेवर, हळदीच्या शेतांमधे, तो आसरा उभा केला होता. पुढे औषधं चांगली आली, रोग बरा व्हायला लागला आणि तिथली माणसं कमी होत गेली. आता तिथे म्हाताऱ्यांचा दवाखाना आहे, गुळगुळीत फरशी आहे, थंड पाण्याचं मशीन आहे. तुम्ही पट्ट्या धुवायचात तो हौद बुजवून त्यावर गाड्या लावतात. नव्या लोकांना जुन्याची आठवण ठेवायची आहे म्हणून दालनात फोटोंचं प्रदर्शन लागणार आहे, आणि प्रत्येक फोटोखाली चार ओळी. तुमच्या फोटोखालच्या ओळी पोरीनं लिहून आणल्या होत्या: 'संस्थेतील रुग्ण भगिनी श्रमदान करताना.' मी आयुष्यभर सेनगावच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, हात शिवशिवलाच. म्हटलं, श्रमदान कसलं बाई, ते काम होतं. सकाळची घंटा झाली की बसायचं, दुपारची झाली की उठायचं, आणि नाही बसलं तर सगळा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाई बोलायच्या. दान द्यायचं की नाही हे देणाऱ्याच्या मनावर असतं. तिनं मुकाट्यानं शब्द खोडला. गुणी आहे पोरगी.

फोटोत तुम्ही सात जणी आहात. मलमपट्टीच्या खोलीपुढचा ओटा, मागे चुना दिलेली भिंत, मधे धुऊन, उकळून, वाळवलेल्या पट्ट्यांचा ढीग, आणि त्याच्या कडेनं पाय पसरून बसलेल्या सात बाया. जखमेवरची पट्टी तेव्हा फेकून देत नसत. ती धुवायची, उकळायची, उन्हात टाकायची आणि पुन्हा गुंडाळून दुसऱ्याच्या जखमेसाठी ठेवायची. फोटोवाल्यानं सांगितलं असेल, काम करत राहा, माझ्याकडे बघू नका. सहा जणींनी ते ऐकलंय. पदर कपाळाखाली ओढलाय, माना खाली घातल्यात, आणि हात असे धरलेत की पट्टी दिसावी पण बोटं दिसू नयेत. डावीकडून तिसरी मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तिचा पदर खांद्यावर आहे, ती सरळ समोर बघतेय, ओठ दाबून हसू आवरतेय, आणि दोन्ही हात पुढे करून गुंडाळलेली पट्टी दाखवतेय. दहाची दहा बोटं आहेत. मी भिंग लावून पाहिलं माय, नखंसुद्धा दिसतात.

पोरगी म्हणाली, "मॅडम, सहा जणींची नावं जुन्या रजिस्टरातून जुळली. ही तिसरी कोण ते कळंना झालंय, तेवढं पान वाळवीनं खाल्लं. संस्थेच्या मुलांच्या घरात जे वाढले त्यांच्यातला तुमचाच पत्ता लागला म्हणून आले. कुठं पाहिल्यासारखी वाटते का?" मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. म्हटलं, "नाही गं. फार लहान होते मी." ती हिरमुसली. नळीचं झाकण चाचपत म्हणाली, "हिचे हात बघा ना, किती साबूत आहेत. बाकीच्यांनी लपवलेत, त्यांची बोटं रोगानं गेली असणार. हिचीही गेली असतील नंतर." मी म्हटलं, "असतील." सोमवारी मजकूर छपाईला जायचा आहे, तोपर्यंत आठवलं तर फोन करा, असं सांगून ती गेली. फोटो इथेच ठेवून गेली. आज शनिवार आहे. सूनबाई माहेरी गेली आहे, घरात मी एकटी, आणि तू दोन दिवस झाले या टेबलावरून हलायला तयार नाहीस. म्हणून हे लिहायला बसले.

तुझी बोटं रोगानं गेली नाहीत हे तुला मी काय सांगू. पण हे कुठे तरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिते. तो रोग आधी हातातली जाण नेतो. बोट तो नेत नाही. चटका बसतो, काच लागते, काटा शिरतो, हाताच्या धन्याला काहीच कळत नाही, जखम चिघळत जाते आणि मग बोट जातं. म्हणून तिथे जोडीची रीत होती. जिच्या हाताला जाण नाही तिच्याबरोबर जिच्या हाताला आहे अशी एक, जिला दिसत नाही तिच्याबरोबर दिसणारी एक. चुलीवरचं भांडं फडक्यानं खाली उतरवून ठेवलं की जाण नसलेल्या बाईनं त्याला हात लावायचा नाही. आधी विचारायचं, "निवलं का?" जोडीदारणीनं बोट लावून बघायचं आणि म्हणायचं, "निवलं." मगच उचलायचं. हे विचारल्या-सांगितल्याशिवाय तिथे कुणी जेवत नव्हतं. बाहेरचे लोक ताटापुढे देवाचं नाव घेतात, तुम्ही हे घेत होता.

तुझी जोडीदारीण फोटोत तुझ्या शेजारीच बसली आहे, डावीकडून चौथी. सेनगावकडची, काटकुळी, आवाज मात्र कोसभर जाईल असा. तिची तीन बोटं कमी होती, पण उरलेल्यांना जाण होती. तुझी दहाही शाबूत, आणि एकालाही काही कळत नव्हतं. ती म्हणायची, "देवानं तुला नुसते दागिने देले, अन् मला औजारं." तुझं त्या हातांवर प्रेम होतं. का असू नये? तुला दवाखान्याच्या दारात सोडून माझा बाप गेला तो गेलाच, घर गेलं, गाव गेलं. हात राहिले होते. आणि कामात तुझा हात कुणी धरत नव्हतं. हाताला कळत नसलं तरी डोळ्याला कळायचं. मांडीवर पट्टी ताणून तू अशी गुंडाळायचीस की सुरकुती नाही, सैल नाही. गुंडाळी झाली की तू ती वर फेकायचीस. चांगली गुंडाळी फेकली तरी सुटत नाही, हे तूच मला सांगितलंस. "झेल!" म्हणायचीस आणि ती माझ्या अंगावर यायची, आणि कधीच सुटायची नाही.

मी रस्त्यापलीकडच्या मुलांच्या घरात. रोग नसलेल्या लेकरांना आईबापांपासून वेगळं ठेवायची तेव्हा सक्ती होती. आठवड्यातून एकदा, रविवारी, जेवणापासून चारच्या घंटेपर्यंत भेट. तू तुझ्या खोलीपुढे तीन दगड मांडून माझ्यासाठी काहीतरी शिजवायचीस. जोडीदारीण रविवारी पलीकडे पुरुषांच्या वसाहतीत नवऱ्याकडे जायची. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, "आज तू हिची जोडीदारीण. ध्यान ठेव बरं, हिला काईच कळत न्हाई." आणि मी ध्यान ठेवायचे. सात वर्षांची असल्यापासून ठेवत होते. निवलं का, निवलं. निवलं का, थांब अजून. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं याचा मला गर्व होता.

पाचवीला आम्हाला गावातल्या शाळेत घातलं. मुलांच्या घरातून निघताना आम्हा चौघा-पाच जणांना कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी आम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं: आम्ही बोर्डिंगची लेकरं, आईबाप मेलेले. आठ-नऊ महिने ते निभलं. मग संस्थेनं एक कॅलेंडर छापलं, मदत मागायला गावोगाव पाठवतात तसलं, आणि त्याच्यावर हा फोटो. ते आमच्या हेडमास्तरांच्या खोलीत लागलं. माझ्या बाकावरची मुलगी खडू आणायला गेली ती परत येऊन माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. "त्या कॅलेंडरवरची बाई तुझ्यासारखीच दिसून राहिली गं. अस्सीच हसती." मी म्हटलं माझी माय मेलीय. ती म्हणाली, "मंग ती कोण?" दुपारपर्यंत माझ्या बाकावर मी एकटी होते. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पाणी प्यायला गेले तर रांजणाभोवतीच्या पोरी बाजूला झाल्या आणि मी प्यायल्यावर कुणीच प्यायलं नाही. उन्हाळा लागला होता. त्या पोरी तशाच तहानलेल्या वर्गात गेल्या.

मला राग कुणाचा आला? त्या पोरींचा नाही, संस्थेचा नाही, कॅलेंडर छापणाऱ्याचाही नाही. मला तुझा राग आला. बाकीच्या सहा जणींनी तोंड झाकलं होतं. त्यांची लेकरं माझ्याच वर्गात, माझ्याच बोर्डिंगची, आणि त्यांना कुणी ओळखलं नाही. तुला एकटीलाच काय नडलं होतं तोंड वर करून हसायला आणि ते हात पुढे करायला? शनिवारभर मी तेच घोकत होते. त्या रविवारी मी आले तेव्हा आजूबाजूच्या शेतांत हळद शिजत होती, सगळीकडे तो ओला, उग्र वास भरला होता. तू गव्हाची खीर केली होतीस. गूळ कुठून मिळवलास कोण जाणे. जर्मनचं पातेलं फडक्यानं खाली उतरवलंस आणि मला म्हणालीस, "काहून तोंड फुगवलं गं लेकरा? कुणी काई बोललं का?"

मी म्हणाले, "तू काहून हात दाखवलेस?"

तुला आधी कळेना. मग कळलं, आणि तू हसलीस. मला ते हसू अजून दिसतं, फोटोतलं आणि ते एकच आहे. म्हणालीस, "मंग काय झाकू? चांगले हायेत माझे हात. चोरी केली का म्या?" मी काटकीनं माती उकरत राहिले. तू म्हणालीस, "तुलाबी असेच हात हायेत. बघ." आणि तू तुझा हात माझ्या हाताशेजारी धरलास. मी माझा ओढून घेतला. तू उठून ताटली आणलीस, पातेल्यासमोर बसलीस आणि नेहमीसारखं विचारलंस, "निवलं का गं?" माझं लक्ष नव्हतं. मी रस्त्याकडे तोंड करून बसले होते, रागात होते, आणि न पाहताच म्हणाले, "निवलं."

तू दोन्ही हातांनी पातेलं उचललंस. जाण असलेलं माणूस ते तिथेच टाकून देतं, ओरडतं, बोटं तोंडात घालतं. तू सावकाश उचललंस, माझ्या ताटलीवर तिरकं केलंस, आणि घट्ट खीर लवकर येईना म्हणून तसंच धरून राहिलीस. एका हातानं धरून दुसऱ्यानं हलवलंस, परत दोन्ही हातांनी धरलंस, तळाला चिकटलेलीही यावी म्हणून थांबलीस. सगळी माझ्या ताटलीत आल्याशिवाय पातेलं खाली ठेवलं नाहीस. मग म्हणालीस, "खाल्ल्याबिगर उठायचं न्हाई." आणि माय, मी खाल्ली. तुझ्या हातांकडे बघत खाल्ली. तुझे हात मांडीवर होते, तळवे वर, आणि त्यांचा रंग बदलत होता, आणि तू मला विचारत होतीस गोड झाली का. मी म्हटलं, झाली. तेवढ्यात जोडीदारीण काही विसरलं म्हणून परत आली आणि तिनं जी किंकाळी फोडली ती रस्त्यापलीकडे मुलांच्या घरात ऐकू गेली.

मोठ्या बाई आल्या. त्या तशा वाईट नव्हत्या, पण रीत मोडलेली त्यांना खपत नसे. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं होतं निवलं म्हणून? जोडीदारीण कुठे होती? मी खांबाला धरून उभी होते. तू मान खाली घालून म्हणालीस, "म्या इचारलंच न्हाई बाई. इसरले." पहिल्यांदाच तुझी मान खाली बघितली मी. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं झाली आणि विचारायचं विसरतेस? तू म्हणालीस, "व्हय." बस, एवढंच. पावसाळा सरेपर्यंत डाव्या हाताची चार आणि उजव्याची तीन बोटं गेली. पट्ट्या गुंडाळायच्या ओट्यावरून तुला उठवलं. मनगटाला काठी बांधून वाळत घातलेल्या पट्ट्यांची राखण दिली. शेळ्या यायच्या, कावळे यायचे. तू दिवसभर उन्हात उभी राहून ज्या पट्ट्या राखायचीस त्यातल्याच संध्याकाळी तुझ्या हातांना बांधायचे. त्या तुझ्या जागी बसलेल्या बाईनं गुंडाळलेल्या असायच्या आणि त्या सैल असायच्या. तू एकदाच बोललीस त्याबद्दल. म्हणालीस, "हिला ताण देता येत न्हाई."

त्या चटक्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी येणार नव्हते. मुलांच्या घरातल्या बाईंनी ढकलत आणलं. तू हातांना पांढरी गाठोडी बांधून बसली होतीस. जोडीदारीण त्या दिवशी नवऱ्याकडे गेली नाही. चूल तिनं पेटवली, पेज तिनं केली, पातेलं तिनं उतरवलं. बोट लावायला ती वाकली तर तू तिला कोपरानं मागे सारलंस. माझ्याकडे बघून विचारलंस, "निवलं का गं?" जोडीदारीण तुझ्यावर खेकसली, "अगं येडी का खुळी! ह्या पोरीला काय इचारती?" तू म्हणालीस, "रविवारची जोडीदारीण तीच हाय." मी बोट लावलं. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. रडत रडत म्हटलं, निवलं. त्यानंतर तू जिवंत होतीस तोवर मी तुझ्या पुढ्यातल्या प्रत्येक भांड्याला तीनदा बोट लावलं आहे. आजही लावते. माझा नातू हसतो, म्हणतो आजी, चहाला नमस्कार करते का?

मास्तरीण झाले तेव्हा तू मला सांडशी दिलीस. मोठ्या बाईंनी त्या चटक्यानंतर तुला दिलेली, मुठीला चिंध्या गुंडाळलेली. तुला ती धरताच येत नव्हती, सात-आठ वर्षं खुंटीला टांगून होती. म्हणालीस, "घे, तुझ्या कामाला यील. घाईची हायेस तू." मी तेव्हा हसले. बसमधे बसल्यावर ते वाक्य मला आठवलं आणि सेनगाव येईपर्यंत मी ते उलटसुलट करत राहिले. घाईची म्हणजे काय, मला तू काय सांगितलंस? विचारायला पाहिजे होतं. दोन वर्षांनी तू गेलीस, मला तार मिळाली तोवर तुला मातीही दिली होती. जोडीदारणीनं माझ्या हातात तुझं लुगडं ठेवलं आणि म्हणाली, "शेवटलं पाणी पाजलं तर इचारती कशी, निवलं का. थंड पाणी व्हतं वं." ती सांडशी मी रोज वापरते. सूनबाईनं तीनदा नवी आणली, मी तीनही तिच्या माहेरी पाठवल्या.

लिहिता लिहिता मघाशी उठले आणि त्या पोरीला फोन लावला. म्हटलं, लिहून घे, डावीकडून तिसरी माझी माय आहे. तुझं पूर्ण नाव सांगितलं. पन्नास वर्षांत ते तोंडातून निघालं नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, परवा का नाही सांगितलं?" मी म्हटलं, ते जाऊ दे, पुढे लिही. तिची बोटं रोगानं गेली नाहीत, भाजून गेली. जोडीदारणीनं निवलं म्हणून सांगितलं, पण ते निवलं नव्हतं. पोरगी हुशार आहे, लगेच विचारलं, "जोडीदारीण म्हणजे ही शेजारची चौथी का? तिचं नाव आहे आपल्याकडे." क्षणभर, माय, खरंच फक्त क्षणभर, मला वाटलं की हो म्हणावं. ती कधीच मेली, मूलबाळ नाही, कुणाचं काय जातं. मग ती फोटोत दिसली, तुझ्या खांद्याला खांदा लावून, मान खाली. मी म्हटलं, "नाही. रविवारची जोडीदारीण मी होते. दहा वर्षांची होते." पोरीचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाली, "अहो मॅडम, लहान होता तुम्ही. चुकून झालं ते. असं नका वाटून घेऊ." मी म्हटलं, "हो, चुकून झालं." ती फक्त तुझं नाव आणि 'पट्ट्या गुंडाळण्यात सर्वांत निपुण' असं लिहिणार आहे. मी म्हटलं चालेल. फोटो मी ठेवून घेतला तर चालेल का, असंही विचारलं. उद्या तो चौकटीत घालून भिंतीवर लावणार आहे. सूनबाई विचारेल ही कोण, तर सांगेन.

हे पत्र कुठे पाठवायचं? पुठ्ठ्याची नळी रिकामी आहे, तीत घालून कपाटावर ठेवते. पण त्याआधी, वह्या तपासायची सवय म्हणून, मी सगळं परत वाचून काढलं, आणि वर एका ठिकाणी खोटं लिहिलेलं सापडलं. माझं लक्ष नव्हतं, मी न पाहताच निवलं म्हणाले, असं मी लिहिलंय. तुझ्या जावयांना हेच सांगितलं होतं, त्या पोरीलाही फोनवर हेच पटलं, आणि इतक्या वर्षांत मलाही ते पटत आलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी रस्त्याकडे बघत नव्हते. मी नेहमीसारखं पातेल्याला बोट लावलं होतं. चटका असा बसला की पुढचे आठ दिवस वर्गात पेन्सिल धरता येत नव्हती, बोटावरचा फोड मी मुठीत लपवून ठेवला, आणि तो बरा झाल्यावर कुणाला काही कळलं नाही. माय, ते निवलं नव्हतं, आणि मला माहीत होतं.